वकीलसाहेबांची उलटतपासणी

पत्र

ताई, नमस्कार.

माझे यजमान साताऱ्याला फौजदारी वकील आहेत. वय एकाहत्तर. मुलगा-सून इंग्लंडमध्ये रेडिंगला असतात. गेल्या दिवाळीला मुलाने बाबांसाठी रम्पोल नावाच्या बॅरिस्टरच्या विनोदी गोष्टींचं जाडजूड पुस्तक पाठवलं, आणि तेव्हापासून माझ्या घरात माझं नाव राहिलेलं नाही. तो रम्पोल आपल्या बायकोला 'शी हू मस्ट बी ओबेड' म्हणतो म्हणे. म्हणजे जिचा हुकूम मोडायची सोय नाही अशी ती. शनिवारी संध्याकाळी ह्यांचे बारमधले मित्र येतात (वकिलांचा बार, दुसरा नव्हे). मी भजी घेऊन बाहेर आले की हे हात जोडून उभे राहतात, 'उठा रे, शी हू मस्ट बी ओबेड आल्या!' सगळे खो-खो हसतात. मीही हसते. दुसरं काय करणार?

खरं सांगायचं तर हुकूम मी कधी केलेच नाहीत. ह्यांच्या तारखांची डायरी मी लिहिते, लग्न झाल्यापासून. पक्षकार दारात आला की पाणी मी देते, आणि त्याची निम्मी हकिकत ह्यांच्याआधी मी ऐकलेली असते. मुलगा म्हणतो, बाबा, आता पुरे, सहा महिने इकडे येऊन राहा. तर हे म्हणतात, रम्पोल रिटायर झाला का? सायकलचोर, मोबाइलचोर, कुणाचंही वकीलपत्र घेतात, फी मागत नाहीत, वर 'गुन्हा कबूल करायचा नाही' म्हणून त्या पोरांना दम देतात. तेही त्या रम्पोलचंच.

मी डिक्शनरी घेऊन दोन गोष्टी वाचल्या. हसू आलं, पण राग जास्त आला. तर प्रश्न असे: हे टोपणनाव कसं थांबवू? ह्यांनी आता थांबावं की नाही? आणि ही पुस्तकं खरंच एवढी चांगली आहेत, की बायकोची टिंगल केलीय म्हणून पुरुषांना आवडतात?

हिल्डा नसलेली, सातारा

उत्तर

हिल्डा नसलेल्या ताई,

पहिल्या प्रश्नाचा निकाल आधी देऊन टाकते, कारणं मागाहून. टोपणनाव बंद. त्यासाठी फार भांडावंही लागणार नाही, कारण वकीलसाहेबांनी ज्या दाखल्याचा आधार घेतलाय तो त्यांच्याच विरुद्ध जातो.

जॉन मॉर्टिमर यांचं रम्पोलवरचं पहिलं पुस्तक १९७८ सालचं. त्यातल्या पहिल्याच गोष्टीच्या सुरुवातीला हा होरेस रम्पोल आपली ओळख करून देतो. पुढच्या वाढदिवसाला अडुसष्ट पुरे होणार, ओल्ड बेलीत, म्हणजे लंडनच्या मोठ्या फौजदारी कोर्टात, घासून घासून झिजलेला बॅरिस्टर, आणि हिल्डाचा नवरा. त्या बाईसाहेबांना 'शी हू मस्ट बी ओबेड' हे नाव आहे, पण ते फक्त त्याच्यापुरतं, असं तो तिथेच सांगून मोकळा होतो. वकीलसाहेबांना तेवढी ओळ पुन्हा वाचायला लावा. तो हे नाव वाचकाच्या कानात सांगतो. जेवणाच्या टेबलावर मात्र 'हो हिल्डा', 'बरं हिल्डा'. कोर्टात तांबडालाल होऊन ओरडणाऱ्या न्यायाधीश बुलिंगहॅमला जो बेधडक भिडतो, तो ग्लॉस्टर रोडवरच्या गारठलेल्या फ्लॅटमध्ये शिरला की पुटपुटायला लागतो. सगळा विनोद त्या पुटपुटण्यात आहे. तेच नाव बायकोच्या तोंडावर, चार मित्रांदेखत, हात जोडून म्हणायचं, तर मग त्यात रम्पोल कुठे राहिला? ती नुसती चारचौघांत केलेली टिंगल झाली, आणि तुम्ही तिला हसता ते चारचौघांत हसावं लागतं म्हणून.

आणखी एक. नाव रम्पोलच्या डोक्यातून आलेलं नाही. रायडर हॅगार्ड यांच्या १८८७ च्या 'शी' कादंबरीत आफ्रिकेतली एक गोरी राणी आहे, तिची प्रजा तिला या नावाने ओळखते. ती दोन हजार वर्षांहून जास्त जगलेली आहे. येत्या शनिवारी भज्यांची ताटली हातात ठेवूनच विचारा, 'माझं वय किती धरलंय तुम्ही?' पुढचं काम त्यांचे मित्र करतील.

तुमचे यजमान दुष्टपणाने हे करतात असं मला वाटत नाही, आणि त्यांच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. रम्पोलची खरी मजा त्याच्या भाषणांत आहे, आणि ती भाषणं न्यायाधीशासाठी नसतात. ओल्ड बेलीत समोर बारा सामान्य माणसं बसलेली असतात, ज्युरी. कुणी दुकानदार, कुणी बस चालवणारा, कुणी निवृत्त शिक्षिका. रम्पोल न्यायाधीशाकडे जवळजवळ पाठ करून त्यांच्याशी बोलतो, वर्ड्सवर्थच्या ओळी ऐकवतो, फिर्यादी पक्षाच्या साक्षीदाराची फजिती झाली की त्यांच्याकडे बघून भुवई उडवतो. आपल्याकडेही हे होतं. १९०८ साली मुंबई हायकोर्टात लोकमान्यांना ज्युरीने सात विरुद्ध दोन मतांनी दोषी ठरवलं. १९५९ साली नानावटींना मुंबईतल्याच ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवलं, न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि प्रकरण हायकोर्टात गेलं. पुढे आपल्या कायद्यातून ज्युरीच गेली. मग साताऱ्याच्या फौजदारी वकिलाने आयुष्यभर कुणाला भाषण ठोकायचं? समोर एकटे मॅजिस्ट्रेट, त्यांची नजर रोजनाम्यावर, बाहेर पट्टेवाल्याचा पुकारा, आणि युक्तिवाद रंगात आला की 'वकीलसाहेब, लेखी द्या'. तुमच्या दिवाणखान्यात शनिवारी जी मंडळी बसतात ती त्यांची ज्युरी आहे. हशा मिळाला की त्यांना केस जिंकल्यासारखं वाटतं.

पण ज्युरी आहे म्हटल्यावर दुसऱ्या बाजूलाही उभं राहून बोलता येतं. तुम्ही उलटतपासणी घ्या. पद्धत रम्पोलचीच: प्रश्न आखूड, उत्तर आपल्याला आधीच माहीत असलेला, आणि 'का' हा शब्द चुकूनही तोंडात आणायचा नाही, कारण 'का' विचारलं की साक्षीदाराला भाषण करायची संधी मिळते. साधारण असं:

'वकीलसाहेब, माझा हुकूम मोडता येत नाही, बरोबर?'

'अर्थात!'

'शेवटचा हुकूम मी कधी केला?'

(इथे ते इकडे-तिकडे बघतील. मदत करू नका.)

'मागच्या आठवड्यात, बीपीची गोळी जेवणाआधी घ्या असं म्हटलं होतं. आठवतं?'

'हो... म्हणजे...'

'घेतली?'

एवढ्यावर थांबा. खाली बसा, चहा प्या. चांगला वकील शेवटचा प्रश्न विचारत नाही, तो ज्युरीवर सोडतो. हे तुमच्या यजमानांनी ज्युनियरांना शंभरदा शिकवलेलं असणार.

ही झाली गंमत. गमतीने सुटणारी गोष्ट गमतीने सोडवावी, पण राग खराच आला असेल तर तो गमतीच्या पुड्यात बांधून देऊ नका. मित्र गेल्यावर, दिवे मालवण्याआधी, साध्या आवाजात सांगा: 'मला हे आवडत नाही, मला वाईट वाटतं.' पुरावा नको, दाखला नको. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला बायकोचं हे वाक्य कळत नसेल तर मला पुन्हा पत्र लिहा, तेव्हा माझा सूर वेगळा असेल.

आता तुमचा तिसरा प्रश्न. तो मला सगळ्यात आवडला, म्हणून त्याला जास्त जागा देते.

पुस्तकं चांगली आहेत. काही गोष्टी तर उत्तम आहेत. आणि हो, सुरुवातीच्या पुस्तकांतली हिल्डा बरीचशी कचकड्याची आहे. नवऱ्याच्या हॅटवरून, चिरूटावरून, स्वस्त वाइनवरून बोलणारी, 'माझे डॅडी' करत राहणारी. कजाग बायको हा जगातला सगळ्यात सोपा विनोद, मराठी फार्सवाल्यांनीही त्यावर पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलंय. तिथे तुमचा राग रास्त आहे. पण एक लक्षात घ्या. या गोष्टी सांगतो कोण? रम्पोल. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत एकच साक्षीदार, तोही हितसंबंध असलेला. पोलिस इन्स्पेक्टरची अशी साक्ष समोर आली असती तर स्वतः रम्पोलने तिच्या चिंध्या केल्या असत्या. म्हणून या गोष्टी वाचताना तो कोर्टात जे इतरांचं करतो ते आपण त्याचं करायचं.

केलंत की हिल्डाची बाजू दिसायला लागते. ती चेंबर्सच्या प्रमुखाची, सी. एच. विस्टन यांची मुलगी. (चेंबर्स म्हणजे एका छपराखाली भाडं आणि कारकून वाटून घेणारे बॅरिस्टर. भागीदारी नसते. एकाच चेंबर्समधले दोघे एकाच खटल्यात समोरासमोर उभे राहू शकतात.) वडील निवृत्त झाल्यावर प्रमुखपद नवऱ्याला मिळावं ही तिची इच्छा. अनुभवाने रम्पोलचाच हक्क. पण पहिल्याच गोष्टीत तो टिम्सन घराण्यातल्या सोळा वर्षांच्या पोराला दरोड्याच्या आरोपातून सोडवण्यात गुंतलेला असतो. हे टिम्सन म्हणजे दक्षिण लंडनमधले पिढीजात भुरटे चोर. मारामारी करायची नाही, घरफोडी मात्र वडिलोपार्जित. प्रमुखपद जातं गुळगुळीत बोलणाऱ्या गथ्री फेदरस्टोनकडे. नवरा कायम 'ज्युनियर' राहतो, म्हातारा होईपर्यंत, कारण क्वीन्स काउन्सेलचा, म्हणजे ज्येष्ठ बॅरिस्टरचा, रेशमी गाऊन त्याला कधी मिळतच नाही. फिलिडा ट्रँट नावाची हुशार मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्यापुढे जाते. तो विनोद करून निभावतो. थंड फ्लॅट, उशिराचं जेवण आणि न आलेली फी हिल्डाच्या वाट्याला येते. ही सगळी माहिती रम्पोलच देतो, फक्त तिचा अर्थ लावत नाही.

मॉर्टिमरना हे कळत नव्हतं असं नाही. ते स्वतः बॅरिस्टर, १९४८ पासून. १९७१ मध्ये 'ऑझ' मासिकाच्या संपादकांवर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा बचावाला तेच होते. कोर्टात जाण्याआधी पहाटे उठून लिहायचे. आणि वकिलाच्या बायकोचं काम काय असतं हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं होतं. वडील क्लिफर्ड मॉर्टिमर हे घटस्फोट आणि मृत्युपत्रांच्या खटल्यांतले नावाजलेले बॅरिस्टर. ऐन भरात असताना त्यांची दृष्टी गेली. त्यांनी वकिली सोडली नाही, आणि घरात कुणी आंधळेपणाचा शब्दही काढायचा नाही असा दंडक. मग कोर्टाचं काम चाललं कसं? बायकोने चालवलं. लंडनला जाताना आगगाडीच्या डब्यात कॅथलीनबाई त्यांना त्या दिवसाचे कागद मोठ्याने वाचून दाखवायच्या. कागद घटस्फोटाचे. कोण कुणाबरोबर, कुठल्या हॉटेलात, कुणी पाहिलं. मूळच्या अबोल, सभ्य बाई एकसुरात व्यभिचाराचे पुरावे वाचताहेत आणि अख्खा डबा कान टवकारून गप्प बसलाय, असं दृश्य. कोर्टात नाव झालं क्लिफर्ड यांचं. तारखांची डायरी लिहिणाऱ्या बाईला याहून जास्त मी सांगायला नको.

मॉर्टिमरांच्या स्वतःच्या संसाराचीही एक उलट साक्ष छापलेली आहे. पहिली बायको पेनेलोपी स्वतः कादंबरीकार. १९४९ मध्ये लग्न झालं तेव्हा तिला आधीच्या चार मुली होत्या, पुढे या दोघांना आणखी दोन मुलं झाली. १९६२ मध्ये तिने 'द पम्पकिन ईटर' लिहिली. मुलांनी गजबजलेलं घर, नाव कमावणारा आणि बाहेर भानगडी करणारा नवरा, आणि हॅरॉड्ससारख्या भपकेबाज दुकानात उभ्या उभ्या रडू कोसळणारी बायको. कादंबरीच ती, पण ओळखणाऱ्यांनी ओळखायचं ते ओळखलं. दोन वर्षांत तिच्यावर सिनेमाही निघाला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांचा घटस्फोट झाला. रम्पोल पहिल्यांदा दिसला तो त्यानंतर, १९७५ च्या डिसेंबरात, बीबीसीवरच्या एका नाटकात. पुढे १९७८ ते १९९२ थेम्स टेलिव्हिजनची मालिका, आणि लिओ मॅकर्न या ऑस्ट्रेलियन नटाने तो असा काही उभा केला की वाचणाऱ्याला आता दुसरा चेहरा दिसतच नाही. तर बायकोने भर चौकात मांडलेला संसार ज्याने सोसला, त्याने नंतर एकट्या नवऱ्याच्या तोंडून संसाराच्या गोष्टी लिहिल्या. तुमची बाजू कुणी ऐकत नाही असं वाटेल तेव्हा पेनेलोपीबाईंची कादंबरी वाचा. विनोदी नाही, आधीच सांगून ठेवते.

गोष्टी चांगल्या का, याचं माझं कारण मात्र संसाराशी नाही, सायकलचोरांशी आहे. रम्पोल सरकारी बाजूने जवळजवळ कधीच उभा राहत नाही. त्याचे अशील म्हणजे ज्यांच्याबद्दल कुणालाच फारसं काही वाटत नाही अशी माणसं. त्यांच्यासाठी तो सारखं एकच पालुपद लावतो: आरोप सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, आणि शंका उरली तर आरोपी सुटला पाहिजे. हा 'सोन्याचा धागा' त्याने मनचा काढलेला नाही. १९३५ साली हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टात, लॉर्ड सँकी यांनी वुल्मिंग्टन खटल्यात ते शब्द वापरले. एकवीस वर्षांचा शेतमजूर रेजिनाल्ड वुल्मिंग्टन, माहेरी निघून गेलेली त्याची सतरा वर्षांची बायको व्हायोलेट, आणि बंदुकीची एक गोळी. तो म्हणाला, तिला घाबरवायला मी स्वतःला मारून घेईन म्हणत होतो, बंदूक चुकून उडाली. खालच्या कोर्टात न्यायाधीशाने ज्युरीला सांगितलं की चुकून उडाली हे त्याने सिद्ध करायला हवं. त्याला फाशीची शिक्षा झाली. लॉर्ड्सनी ती रद्द केली, कारण सिद्ध करायचं ते सरकारने. कायदा म्हणून हे शंभर टक्के बरोबर आहे, आणि आपल्या कोर्टांतही आज मूळ तत्त्व हेच चालतं. फक्त हा सोन्याचा धागा जिच्या मरणातून निघाला त्या व्हायोलेटचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, ऐकणं शक्यच नव्हतं. रम्पोल हे पालुपद लावतो तेव्हा मला दर वेळी ती पोरगी आठवते, आणि तरीही मी त्याच्याच बाजूने असते.

आता वकीलसाहेबांच्या निवृत्तीचं. 'रम्पोल रिटायर झाला का?' याचं उत्तर: झाला होता! १९८० च्या 'रम्पोल्स रिटर्न'मध्ये. बुलिंगहॅमसमोर ओळीने खटले हरला, वैतागला आणि मुलाजवळ फ्लोरिडात जाऊन राहिला. ऊन, समुद्र, संत्री, आणि करायला काही नाही. लंडनहून रक्ताच्या डागांबद्दल शंका विचारणारं एक पत्र आलं आणि हा गडी पळून परत. तेव्हा मुलाच्या योजनेत काय धोका आहे हे तुम्ही आत्ताच ओळखून ठेवा. रेडिंगला नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडतो. ज्याला रोज अकराला कोर्टात उभं राहायची सवय आहे त्याला सहा महिने तिथे बसवलंत तर नातवंडांची उलटतपासणी सुरू होईल. दोन महिने जा, मे-जूनमध्ये, कोर्टाला सुट्टी असते तेव्हा निघा. आणि त्यांना ओल्ड बेली दाखवायला न्या, प्रेक्षकांच्या गॅलरीत बसता येतं. आधी तिथे न्यूगेटचा तुरुंग होता, आताची इमारत १९०७ ची, वर सोनेरी न्यायदेवता. तिच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हे बघून ते तुम्हाला अर्धा तास काहीतरी समजावतील. ऐकून घ्या.

मात्र रम्पोलच्या वयाचा दाखला चालणार नाही. १९७८ मध्ये जो अडुसष्टला टेकला होता तो २००७ च्या पुस्तकातही खटले लढवतोच आहे. हिशोब केला तर सत्त्याण्णव. लेखकाने कॅलेंडर बंद करून ठेवलं होतं, ती सोय बीपीची गोळी विसरणाऱ्यांना नाही. 'रम्पोल अँड द एज फॉर रिटायरमेंट' ही गोष्ट दोघांनी मिळून वाचा. त्यात टिम्सनांचा म्हातारा पर्सी धंद्यातून बाजूला व्हावा म्हणून घरचेच लोक टपलेले असतात, आणि इकडे चेंबर्समध्ये आणि घरी रम्पोलबद्दलही तेच चाललेलं असतं. हसत हसत वाचाल, पण विषय निघेल. तोच हवा आहे.

फी न घेण्याबद्दल मला काही तक्रार नाही, घर चालत असेल तर. चालत नसेल तर ती वेगळी गोष्ट, आणि डायरी तुमच्या हातात असल्यामुळे ते तुम्हालाच नेमकं ठाऊक. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजायच्याच तर निदान सरकारी तव्यावर भाजाव्यात. १९८७ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे, त्यांच्या पॅनेलवर अनुभवी फौजदारी वकील हवेच असतात. मानधन थोडं, पण मिळतं. शिवाय सोबतीला ज्युनियर घेता येतील. जिन्यावरून फायली वाहायला एक आणि ज्युरी म्हणून ऐकायला एक.

एका गोष्टीत मात्र मी ठाम आहे, आणि हे वाक्य वकीलसाहेबांना वाचून दाखवलंत तरी चालेल. 'गुन्हा कबूल करायचा नाही' हा रम्पोलचा बाणा पुस्तकात शोभतो, कारण तिथे खटला थोड्या पानांत संपतो. साताऱ्यात तारखा पडत राहतात. एकोणीस वर्षांच्या पोराने पहिल्यांदा मोबाइल उचलला, आणि उचलला हे त्याला स्वतःला मान्य आहे, तर १९५८ चा प्रोबेशनचा कायदा त्याच्यासाठीच आहे. कोर्ट समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडू शकतं. तो रस्ता घ्यायचा की लढायचं हे त्या पोराने ठरवायचं. वकिलाने दोन्ही रस्ते नीट समजावून सांगायचे आणि मग तो म्हणेल ते करायचं. इंग्लंडातही नियम हाच आहे, बॅरिस्टर सल्ला देतो, कबुलीचा निर्णय अशिलाचा. दारात पाणी देताना त्या पोराची हकिकत तुम्ही आधी ऐकता ना? मग त्याला काय हवंय हे वकीलसाहेबांआधी तुम्हाला कळतं. ते त्यांना सांगत जा. हा हुकूम धरला तरी चालेल.

राहिलं तुमच्या वाचनाचं. डिक्शनरी बाजूला ठेवा, दर ओळीला उघडलीत तर हसू निघून जातं. मुलाला सांगा, बाबांना पाठवलंस, आता आईला दोन पाठव. एक 'रम्पोल अँड द पेंज बंगलो मर्डर्स', २००४ चं. ज्या पहिल्या मोठ्या खटल्याची फुशारकी रम्पोल वर्षानुवर्षं मारतो, की मी तो एकट्याने, सीनियरशिवाय जिंकला, त्याची पूर्ण कथा त्यात आहे. बाजूला सारला गेलेला सीनियर म्हणजे हिल्डाचे वडील. तरुण हिल्डा तिथे भेटते, आणि या माणसाचं काहीतरी होईल हे आधी तिला दिसतं. दुसरं 'रम्पोल अँड द रेन ऑफ टेरर', २००६ चं. तेव्हा मॉर्टिमर ऐंशी पार केलेले होते. अतिरेकी असल्याच्या संशयावरून एका पाकिस्तानी डॉक्टरला धड आरोपही न सांगता डांबलंय, रम्पोल त्याचं वकीलपत्र घेतो आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे अशील असलेले टिम्सन त्याच्यावर उलटतात. चोरी चालते, पण हा माणूस नको, असा त्यांचा देशाभिमान. आणि याच पुस्तकात हिल्डा एकदाची लिहायला बसते. स्वतःच्या आठवणी, स्वतःच्या शब्दांत, नवऱ्याच्या प्रकरणांच्या अध्येमध्ये. नवऱ्याने इतकी वर्षं काय काय दडवलं ते तिथे कळतं. शिवाय त्या दिवसांत एक सद्गृहस्थ तिच्याबरोबर ब्रिज खेळायला लागलेले असतात आणि तिच्यावर भलतेच खूश असतात. ते दुसरे-तिसरे कुणी नसून न्यायाधीश बुलिंगहॅम. ती पानं शनिवारी वकीलसाहेबांकडून मोठ्याने वाचून घ्या, मित्रांसमोर. भजी तेव्हाच बाहेर आणा.